तबकडीवर न मावलेलं नाव

पिल्लै : ...तर मग माझ्या फिल्मच्या पेट्या तुझ्याच दारात पडू देत, वेदा. मदुरा, रामनाड, तिन्नेवेली, एकाही गावात मी हे चित्र लावणार नाही. दिवाळीला जुनं काहीतरी लावीन. पण हे नाही म्हणजे नाही!

वेदाचलम : लाव की. गेल्या दिवाळीचे सादळलेले फटाकेपण लाव त्याबरोबर.

पिल्लै : थट्टा करू नकोस. मी एकटा बोलत नाहीये. कोइमतूरवाले, तंजावरवाले, सगळ्या वितरकांनी मला पुढं घातलंय. म्हणाले, पिल्लै, तुमचा लंगोटीयार आहे तो, तुमचं ऐकेल.

वेदाचलम : लंगोटीयार आहेस ना? मग आधी त्या पाटीवरचं बोट काढ. रंग ओला आहे. रंगारी एकांबरमनं पहाटेपासून बसून अक्षरं काढलीत, आणि तू त्यावर बोट फिरवतोयस!

पिल्लै : अक्षरं सुरेख आहेत रे. अक्षरांशी माझं भांडण नाही. वाचतो बघ. ‘पार्श्वगायन : अभयांबाळ.’ मुरुगा, मुरुगा! आणि ही पाटी पडद्यावर येणार कुठं? चंद्रप्रभाच्या नावाच्या आधी! नायिकेच्या आधी!

वेदाचलम : पडदा उघडला की पहिलं काय येतं? गाणं येतं. चेहरा मागून येतो. जो आधी येतो त्याचं नाव आधी.

पिल्लै : असं कुणी केलंय आजवर? सांग! मद्रासच्या अख्ख्या कोडंबाक्कममध्ये एक स्टुडिओ दाखव, जिथं गळा उसना देणाऱ्या बाईचं नाव पाटीवर चढलंय. तबकडीवरसुद्धा आपण पात्राचं नाव छापतो. लोकांना वाटतं चंद्रप्रभाच गाते. माझ्या मदुरेत बायका ‘चंद्रप्रभाचं गाणं’ म्हणून पोरांना झोपवतात.

वेदाचलम : आणि देवळाच्या उत्सवात तिला गायला बोलावलं की?

पिल्लै : जाते. हात जोडते. आज घसा बसलाय म्हणून सांगते.

वेदाचलम : चौदा वर्षं बसलाय तो घसा! एखाद्या वैद्याला दाखवा तरी!

पिल्लै : हसवू नकोस मला, मी रागावलोय. काल रात्री चंद्रप्रभाच्या आईचा निरोप आला. “ती पाटी जर चित्रात गेली तर उद्या नदीकाठच्या शूटिंगला माझी मुलगी गाडीतून पाय खाली ठेवणार नाही.” शब्द तिचेच आहेत.

वेदाचलम : न ठेवू दे. नदी येईल ना उद्या? कावेरी काही तिच्या आईला विचारून वाहत नाही.

पिल्लै : नायिकेशिवाय नायिकेचं गाणं कसं घेशील?

वेदाचलम : पाण्यावर सोडलेले दिवे घेईन. ओल्या पायऱ्या घेईन. पाठमोरी कुणीतरी बाई घेईन, घागर घेऊन उतरणारी. अठ्ठावीस चित्रं काढलीत मी, पिल्लै. तिसऱ्या चित्राला आपला राजा ऐन युद्धात गोवरानं पडला तेव्हा काय केलं होतं?

पिल्लै : त्याच्या भावाला चिलखत चढवलंस, आणि सगळं युद्ध पाठमोरं लढवलंस.

वेदाचलम : आणि कोल्हापूरला? मद्रासेत तेव्हा स्टुडिओ होता कुठं! चाळीस माणसं, दोन मृदंग आणि एक मोर घेऊन आपण तिसऱ्या वर्गानं कोल्हापूर गाठलं. आवाज टिपणाऱ्याला आपल्या भाषेतलं ओ का ठो कळत नव्हतं. त्यानं मान डोलावली की आपण पुढचा शॉट घ्यायचो.

पिल्लै : आणि तिथला तो तांबडा रस्सा! चार दिवस अर्धी कंपनी तांब्या घेऊनच धावत होती. देवांचे राजे इंद्र तर मुकुट घालूनच गेले रानात!

वेदाचलम : तरी चित्र झालं की नाही?

पिल्लै : झालं. रौप्यमहोत्सव झाला.

वेदाचलम : मग मला चंद्रप्रभाच्या पायांची भीती घालू नकोस.

पिल्लै : बरं, ती नको. मला एवढंच सांग, हे खूळ आत्ताच कुठून शिरलं डोक्यात? चौदा वर्षं ती बाई मागच्या दारानं येते, गाते, कॉफी पिऊन जाते. तिनं कधी एका शब्दानं मागितलं नाही. तू कधी दिलं नाहीस. आत्ताच काय झालं?

वेदाचलम : कुंभकोणमचं लग्न झालं.

पिल्लै : कुणाचं?

वेदाचलम : आपल्या कॅमेरामनच्या मुलीचं, गेल्या महिन्यात. अभयाला गायला बसवलं होतं. आपलंच गाणं म्हणाली ती, मागच्या चित्रातलं. गाणं संपलं, आणि वरबाप उठला, मोठा सरकारी अंमलदार. म्हणाला, “छान म्हणता हो तुम्ही. चंद्रप्रभाची नक्कल बरी साधलीय. पण तिच्या गळ्यातला तो गोडवा नाही यायचा.”

पिल्लै : अगाई!

वेदाचलम : तीनशे माणसं जेवत होती. ती हसली. नमस्कार केला आणि तंबोऱ्याला गवसणी घालायला लागली. आणि मी काय करत होतो ठाऊक आहे? समोर केळीच्या पानावर वाकून पायसम ओरपत होतो. मान वर केली नाही मी. अठ्ठावीस चित्रांचा धनी, ज्याच्या एका शिवीनं स्टुडिओ हादरतो, तो पायसम ओरपत बसला! तेव्हापासून गोड तोंडात धरवत नाही मला.

पिल्लै : अरे, झालं ते वाईटच झालं. तिला एक चांगलीशी कांजीवरम दे...

वेदाचलम : तुझ्या कांजीवरमला आग लाव! पाटी जाणार. आज दुपारी कॅमेऱ्यापुढं जाणार.

पिल्लै : मग मलाही बोलावं लागेल. नाइलाज आहे. वेदा, तू चंद्रप्रभाचा उसना गळा चव्हाट्यावर आणलास, की कुणीतरी तुझा आणील. ते चांदीचं पदक, तुझ्या ऑफिसात, काचेच्या कपाटात ठेवलेलं. ‘पंधराव्या वर्षी गायनाबद्दल जमीनदारांच्या हस्ते.’ प्रत्येक मासिकात तू ती कथा सांगतोस. ते कुणाच्या गळ्याचं पदक आहे, हे जिवंत माणसांपैकी फक्त मला ठाऊक आहे. मी तेव्हा तुझ्या नाटक कंपनीच्या दारावर तिकिटं फाडत होतो.

वेदाचलम : धमकी देतोस?

पिल्लै : वाचवतोय तुला! उद्या एखाद्या मासिकवाल्यानं विचारलं...

अभयांबाळ : वाद्यवाले विचारतायत, सूर कधी लावायचा. त्यांचा पोंगल खाऊन झाला, दुसरी कॉफी झाली, आता आपसांत भांडणं सुरू होतील. तुमची इथं आधीच चाललेली दिसतायत.

पिल्लै : या, या अभयम्मा. आम्ही आपलं सहजच...

अभयांबाळ : सहज नाही, पिल्लैअय्या. तुमचा आवाज ओसरीपर्यंत येत होता. तुम्ही चित्रं विकायला लागलात, नाहीतर नाटकात गदाधारी भीम झाला असतात. कुठंय ती पाटी?

वेदाचलम : ही बघ. ओली आहे.

अभयांबाळ : मला वाचून दाखवू नका, येतं मला वाचता. हं. पुसा.

वेदाचलम : काय?

अभयांबाळ : पुसा म्हणते. ओली आहे तोवर फडक्यानं निघेल.

पिल्लै : बघ! बघ! मी म्हणत नव्हतो? शहाणी बाई आहे!

अभयांबाळ : तुम्ही खूश होऊ नका. तुमच्यासाठी नाही म्हणत मी. अण्णा, ही पाटी रंगवायच्या आधी तुम्ही मला विचारलंत?

वेदाचलम : तुझंच नाव घालायला तुला काय विचारायचं?

अभयांबाळ : चौदा वर्षांपूर्वी काढून टाकताना नव्हतं विचारलं. आता घालतानाही नाही. माझ्या नावाचं काय करायचं ते प्रत्येक वेळी तुम्हीच ठरवायचं, होय ना? कुंभकोणमला तुमचं जेवण गोड लागलं नाही, म्हणून मी पाटीवर! उद्या मन शांत झालं की?

वेदाचलम : अभया, मी चुकलो. सगळ्यांच्या देखत चुकलो, म्हणून सगळ्यांच्या देखतच...

अभयांबाळ : ते तुमचं झालं. माझं काय?

वेदाचलम : थांब. पाटी राहू दे बाजूला. आधी एक ऐक, मग हवं तर माझ्या तोंडावर थुंक. हा पिल्लै मघापासून एक दोरी माझ्या गळ्याभोवती आवळतोय. ती मीच सोडतो. माझं ते पदक...

पिल्लै : वेदा, अरे गप!

वेदाचलम : गप तू! अभया, मी पोरांच्या नाटक कंपनीत स्त्रीपार्ट करायचो. पंधराव्या वर्षी माझा आवाज फुटला. ऐन मोसमात! संध्याकाळी जमीनदारांपुढं खेळ, मी नायिका, आणि तोंड उघडलं की फुटकी शिट्टी. मालकानं त्या दिवशी विंगेत पडद्यामागं एका बाईला बसवलं. मी पुढं ओठ हलवले, ती मागं गायली. सबंध मोसम. पदक मला मिळालं. ती बाई...

अभयांबाळ : माझी आई.

वेदाचलम : ...तुला ठाऊक आहे?

अभयांबाळ : मी तिच्या मांडीशी बसले होते. सात वर्षांची. पानाचा डबा सांभाळायला. तुमच्या निळ्या साडीला मागून टाचण्या लावल्या होत्या, त्या मोजत होते. अकरा होत्या.

पिल्लै : शिवशिवा! म्हणजे ही एवढी वर्षं...

अभयांबाळ : खेळ संपला की तुम्ही विंगेत यायचात, अण्णा, आणि आईच्या पाया पडायचात. रडायचात. ती म्हणायची, “या पोराला लाज आहे, हा पुढं जाईल.” म्हणून तर तुम्ही चौदा वर्षांपूर्वी दारात आलात तेव्हा मी हो म्हटलं. नाहीतर मायवरममध्ये माझं काय अडलं होतं?

वेदाचलम : आणि एकदाही बोलली नाहीस?

अभयांबाळ : वाट बघत होते. लाज पुन्हा कधी येते ते.

पिल्लै : माझ्या हातातली दोरी तर गेली.

वेदाचलम : गेलीच! पुढच्याच महिन्यात मासिकवाल्यांना बोलावून मी स्वतः सांगणार. पदक कपाटातून काढणार. तुला काय करायचं ते कर. अभया, तुझं चुकत नाही, मी विचारलं नाही. आता विचारतो. तुला काय हवं? पाटी नको, तर काय?

अभयांबाळ : खरंच विचारताय?

वेदाचलम : खरंच.

अभयांबाळ : मला तबकडीच्या तीन मिनिटांच्या पुढचा थोडा वेळ हवाय.

पिल्लै : म्हणजे काय बाई?

अभयांबाळ : आईची एक तबकडी आहे. एकच. ती मेणावर, म्हणजे आवाज कोरायच्या मेणाच्या चकतीवर, गायली होती, मद्रासेत, त्या मोसमानंतर. तेव्हा रीत होती ना, गाणं संपलं की गाणारणीनं आपलं नाव सांगायचं? कर्ण्यात तोंड घालून, मोठ्यानं. लेबल वाचता येत नाही त्यालाही कळावं म्हणून.

वेदाचलम : आठवतं. आम्ही नकला करायचो त्यांच्या.

अभयांबाळ : आईनं वाटेत गाडीत शंभरदा घोकलं होतं. मी मायवरम तैयलनायकी, मी मायवरम तैयलनायकी. पण गाताना रंगली. एक आवर्तन जास्त घेतलं. आवाज टिपणाऱ्या साहेबानं बोटं दाखवली, हात हलवले, तिचे डोळे मिटलेले. गाणं संपलं, नाव सांगायला तोंड उघडलं, आणि मेण संपलं. तबकडी आजही घरी आहे. शेवटी ऐकू येतं, “मी मायवरम तै...” आणि मग नुसती खरखर.

पिल्लै : पुन्हा नाही घेतलं?

अभयांबाळ : मेण एकदाच, पिल्लैअय्या. दुसरं मेण मोठ्या नावांसाठी. तिच्या तबकड्या बाजारात विकल्या गेल्या. लेबलावर छापलं, ‘एक गायिका’. आई मरेपर्यंत घरची तबकडी लावायची आणि त्या खरखरीच्या जागी स्वतः नाव पुरं करायची. रोज. देवाला दिवा लावल्यावर.

वेदाचलम : तैयलनायकी.

अभयांबाळ : हो.

वेदाचलम : एकांबरम! अरे एकांबरम! ती पाटी पूस रे. नाही, घाबरू नकोस, तुझं चुकलं नाही काही. पूस आणि काळी कोरी राहू दे. पडद्यावर ही पाटी कोरीच दिसेल. गाणं संपेल त्या जागी. आणि अभया बोलेल.

पिल्लै : बोलेल? काय बोलेल?

वेदाचलम : नाव! जुन्या रीतीनं. गाण्याच्या शेवटी, मोठ्यानं, स्वतःच्या तोंडानं.

पिल्लै : अरे देवा! पाटी परवडली! पाटी निदान तंबूतल्या टॉकीजमध्ये वाळूवर बसणाऱ्यांना वाचता तरी आली नसती! हे तर आंधळ्यालासुद्धा कळेल!

वेदाचलम : म्हणूनच!

पिल्लै : कात्री चालवतील रे थेटरवाले! माझी माणसं तेवढाच तुकडा छाटतील आणि पुढं जातील!

वेदाचलम : छाटू दे की. मृदंगाचा ठेका तिच्या नावाखालून थेट पहिल्या दृश्यात नेतो. नाव छाटलं तर ठेका तुटेल, पहिल्या दृश्यातला संवाद तुटेल, आणि लोक तुझ्या थेटरात खुर्च्या फेकतील. इतकी वर्षं हेच शिकलोय मी, पिल्लै. जोड अशी मारायची की उसवणाऱ्यालाच लाज वाटावी.

पिल्लै : दिवाळीला तुझं चित्र कुणी लावणार नाही.

वेदाचलम : तंबू आहेत ना गावोगाव. पेटी डोक्यावर घेऊन मी जाईन. कंपनीत असताना पडदे वाहिलेत, पेटी काय जड आहे! बावन्न वर्षांचा झालोय, मेलेलो नाही अजून. तू जा. गाडी उभी आहे तुझी बाहेर.

पिल्लै : जातोच. थांबून काय करू? तुझी चिता बघू?

अभयांबाळ : पिल्लैअय्या, एक विचारू? त्या मोसमात दारावर तिकिटं फाडून झाली की तुम्ही कुठं जायचात?

पिल्लै : कुठं म्हणजे? आत.

अभयांबाळ : आत कुठं?

पिल्लै : ...विंगेमागं. खोक्यावर बसायचो. तिथून हा दिसायचा नाही, फक्त गाणं यायचं. आता हे कशाला विचारतेस? मी आपला पोटापाण्याचं बघणारा माणूस.

अभयांबाळ : काही नाही. आई म्हणायची, तिकिटं फाडणारा तो मुलगा एकटाच माझ्याकडं तोंड करून ऐकतो. त्याला पान दे.

पिल्लै : द्यायचीस तू. चुना नेहमी जास्त लावायचीस.

वेदाचलम : घोष! ध्वनिमुद्रणाच्या खोलीत ऐकू येतंय का काचेतून? यंत्र चालू करा. मृदंगवाल्यांना आत घ्या. व्हायोलिन थोडं मागं सरकवा, तिच्या अंगावर येऊ देऊ नका. अभया, माईक जवळ हवा?

अभयांबाळ : नेहमी असतो तसाच. मात्र गाणं झालं की मी निघून जाईन बरं का सवयीनं. चौदा वर्षं शेवटचा सूर सोडला की चपला शोधायची सवय आहे. मला थांबवा.

वेदाचलम : चपला इकडं दे. मी धरतो.

अभयांबाळ : अण्णा, वेड लागलंय का!

वेदाचलम : दे म्हणतो ना. हां. आणि अभया, आवर्तन हवं तर जास्त घे. दोन घे. इथं फिल्म आहे, मी संपू देणार नाही.

पिल्लै : दार कुठलं? हे की ते? अरे मी जातोय, मला जाऊ तरी दे...

वेदाचलम : आता हलू नकोस, पिल्लै. श्वाससुद्धा हळू घे.

(लाल दिवा लागतो. गाणं होतं. तंबोरा थांबतो, मृदंग हलके हलके चालूच राहतो.)

अभयांबाळ : मी मायवरम तैयलनायकी... मायवरम तैयलनायकीची लेक, अभयांबाळ.

वेदाचलम : ...कट. घोष, आलं सगळं? बरं. आलंय म्हणतात.

पिल्लै : पहिल्या नावावर तिचा आवाज जरा हलला, वेदा. पुन्हा घ्या हवं तर. मी थांबतो.

अभयांबाळ : नको, पिल्लैअय्या. तिलाही एकदाच मिळालं होतं. अण्णा, माझ्या चपला द्या. आज पुढच्या दारानं जाते.